कबुलीजबाब आणि कथेचा शेवट : ‘होमिसाइड’मधील एक अनुत्तरित गुन्हा

रहस्यकथेत दोन कथा नांदत असतात, अशी मांडणी त्स्वेतान तोदोरोव्ह यांनी १९६६ साली केली : एक गुन्ह्याची, दुसरी तपासाची. पहिली घडून गेलेली, म्हणून अनुपस्थित. दुसरी उपस्थित, परंतु तीत तपास करणाऱ्याला काही होत नाही. त्याची ही सुरक्षितता हेच अभिजात रहस्यकथेचे गृहीतक होय. अमेरिकी दूरचित्रवाणीवरील ‘ड्रॅगनेट’ने (१९५१-५९) ते जपले. ‘हिल स्ट्रीट ब्लूज’ने (१९८१-८७) अनेक कथानके एकत्र गुंफून ती भागामागून भाग वाहती ठेवली आणि पोलिसांच्या घरगुती आयुष्याला कथेत जागा दिली. गृहीतकालाच धक्का बसतो तो ‘होमिसाइड : लाइफ ऑन द स्ट्रीट’ (१९९३-९९) या मालिकेत.

या मालिकेचे मूळ वार्तांकनात आहे. ‘बाल्टिमोर सन’चे बातमीदार डेव्हिड सायमन यांनी १९८८ हे वर्ष त्या शहराच्या खूनतपास पथकाबरोबर काढले, त्यावरील ग्रंथ १९९१ साली निघाला. पथकाच्या कचेरीतील फळा मालिकेतही आला : अनुत्तरित खुनातील मृताचे नाव लाल शाईत, उलगडलेल्या खुनातील काळ्या शाईत. कथनाचा शेवट हा येथे प्रशासकीय नोंदीचा विषय ठरतो.

पहिल्याच पर्वात अकरा वर्षांच्या अडीना वॉटसनचा खून टिम बेलिस या नवागत अधिकाऱ्याकडे येतो. ‘थ्री मेन अँड अडीना’ हा टॉम फोंटाना-लिखित भाग जवळजवळ संपूर्णपणे चौकशीच्या खोलीत घडतो. बेलिस आणि फ्रँक पेम्बल्टन यांच्यासमोर रिस्ली टकर हा वृद्ध कृष्णवर्णीय फेरीवाला बसलेला आहे. हाती बारा तास आहेत. आपले त्या मुलीवर प्रेम होते, एवढे तो अखेर कबूल करतो. खून मात्र कबूल करीत नाही. उलट तोच अधिकाऱ्यांना वाचू लागतो. पेम्बल्टनला स्वतःतील कृष्णवर्णीयाचा तिटकारा आहे आणि बेलिसला स्वतःतील अंधाराची भीती आहे, असे तो सुनावतो. परिणामी दोघांच्या भूमिका उलटतात : साशंक पेम्बल्टनला टकर दोषी वाटू लागतो, तर ठाम असलेला बेलिस साशंक होतो.

कबुलीजबाब हे पाश्चात्त्य समाजातील सत्यनिर्मितीचे प्रमुख तंत्र आहे, हे मिशेल फूको यांचे १९७६ मधील प्रतिपादन येथे आठवते. फूको यांच्या मते सत्ता ऐकणाऱ्याकडे असते. या खोलीत ती स्थिर राहत नाही. ऐकणाराच उघडा पडतो.

अडीनाचा खुनी शेवटपर्यंत सापडत नाही. मात्र हे अनुत्तरितपण बेलिसच्या चरित्रात काम करीत राहते. बालपणी काकाने केलेल्या लैंगिक अत्याचाराविषयी तो पुढे पेम्बल्टनशी बोलतो, तेव्हा त्या प्रकरणातील त्याच्या व्याकुळतेला मागाहून अर्थ लाभतो. २००० साली आलेल्या समारोपाच्या दूरचित्रपटात, कायद्याच्या तावडीतून सुटलेल्या एका खुन्याला आपणच मारल्याची कबुली तो त्याच पेम्बल्टनला देतो. १९९३ साली न मिळालेला कबुलीजबाब सात वर्षांनी मिळतो. देणारा मात्र बदललेला असतो.

खासगी आयुष्य ही येथे तपासाला दिलेली भावुक जोड नव्हे. तोदोरोव्ह यांच्या दोन कथांमधील भिंत ज्या ठिकाणी ढासळते, ते ठिकाण म्हणजे अधिकाऱ्याचे खासगी आयुष्य. तपासाची कथाच अखेर गुन्ह्याची कथा होते. अडीनाला न्याय मात्र कोणत्याच कथेत मिळत नाही; आणि तिला न्याय मिळाल्याचा आभासही ही मालिका निर्माण करीत नाही, हे तिचे नैतिक मोल होय.