ग्रह कोणास म्हणावे?

शब्दाचा अर्थ निश्चित झाल्यावाचून निवाडा होत नाही. म्हणूनच बहुतेक कायद्यांच्या आरंभी व्याख्यांचे कलम असते. खगोलशास्त्राने मात्र 'ग्रह' या शब्दाबाबत असे कलम २००६ पर्यंत लिहिलेच नव्हते. तोवर सारा व्यवहार वहिवाटीवर चालला होता.

आपल्या देवळांतील नवग्रहांत रवि आणि चंद्र आहेत, पृथ्वी नाही. राहु व केतु हे तर चंद्राचा मार्ग रविमार्गास जेथे छेदतो ते दोन बिंदू होत. ग्रीकांनीही स्थिर ताऱ्यांमधून फिरणाऱ्या सात ज्योतींना 'भटके' म्हटले, आणि त्यांतही रवि-चंद्र होतेच. भूमीवर उभे राहून आकाश न्याहाळणाऱ्यास ही गणना यथार्थच होती. १५४३ साली कोपर्निकसाचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि कसोटी पालटली. सूर्याभोवती फिरेल तो ग्रह, असे ठरू लागले. सूर्य यादीतून गेला, पृथ्वी आत आली.

या कसोटीची परीक्षा लवकरच झाली. १ जानेवारी १८०१ रोजी पालेर्मो येथे पियाझी यास मंगळ व गुरु यांच्यामध्ये सेरेस सापडला. त्यास ग्रहपद मिळाले. पाठोपाठ १८०७ पर्यंत पॅलस, जूनो व व्हेस्टा आले. हर्शेलने १८०२ मध्येच या पिंडांसाठी निराळे नाव सुचविले होते. पण ते लगेच रूढ झाले नाही. १८५१ अखेर अशा पिंडांची संख्या १५ झाली, तेव्हा मात्र त्यांस लघुग्रह म्हणून वेगळे काढण्यात आले. सेरेस जसा होता तसाच राहिला. त्याचे भाऊबंद तेवढे उजेडात आले.

नेमका हाच प्रसंग प्लूटोवर ओढवला. १९३० साली टॉम्बो याने तो शोधला आणि तो नववा ग्रह ठरला. पुढे कळले की त्याचा व्यास सुमारे २,३७७ किलोमीटर, म्हणजे आपल्या चंद्राहूनही कमी आहे. १९९२ पासून नेपच्यूनपलीकडे त्याच्यासारखे पिंड एकामागून एक सापडू लागले. २००५ मध्ये जवळजवळ तेवढाच एरिस उघडकीस आला, तेव्हा निर्णय टाळणे अशक्य झाले.

२४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग येथे आंतरराष्ट्रीय खगोल संघाने तीन अटी घातल्या: पिंड सूर्याभोवती फिरावा, स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने तो जवळजवळ गोल झालेला असावा, आणि आपल्या कक्षेचा परिसर त्याने इतर पिंडांपासून मोकळा केलेला असावा. प्लूटो तिसऱ्या अटीत अडला व सेरेस आणि एरिस यांच्यासह 'बटुग्रह' झाला. ग्रह आठ उरले.

यावर आक्षेप आहेत आणि ते पोकळ नाहीत. पिंड काय आहे यापेक्षा तो कोठे आहे यावर त्याचे पद अवलंबावे काय? शिवाय ही व्याख्या आपल्या सूर्यमालेपुरतीच आहे. इतर ताऱ्यांभोवतीचे हजारो ग्रह तिच्या कक्षेबाहेर राहतात. तेव्हा हा निकाल अखेरचा मानण्याचे कारण नाही.

तथापि मताधिक्याने निसर्ग बदलतो, असे कोणी समजू नये. मतदानाने ठरला तो शब्दाचा अर्थ. प्लूटोच्या भ्रमणात त्याने तिळमात्र फरक पडला नाही. त्याचप्रमाणे प्रागच्या ठरावाने देवळातील नवग्रह खोटे ठरत नाहीत, आणि नवग्रहांच्या आधारे तो ठरावही खोडता येत नाही. दोन्हीकडे शब्द एकच असला तरी व्याख्येची कलमे निरनिराळी आहेत. एका कलमाचा अर्थ दुसऱ्यास लावला, की मग वाद केवळ शब्दांचा उरतो.