डुप्लिकेट पडद्याची गोष्ट

परवा नागावला एका वीकेंड बंगल्यात जाणं झालं. ओळखीचा एक पेंटर तिथे काम करत होता. या माणसाने वीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, मग फ्लेक्स आला आणि ब्रश माळ्यावर गेले. बंगल्याच्या मालकाने त्याला मोबाईलवर एक जुनं जपानी चित्र दाखवलं आणि तसाच सहा फळ्यांचा घडीचा पडदा रंगवून मागितला. सोनेरी जमीन, वाकडं पाइनचं झाड, पांढरे क्रौंच. महिनाभर खपून त्याने तो पुरा केला. बघायला आलेला एक जण म्हणाला, "मस्त झालाय, पण शेवटी डुप्लिकेटच ना!" पेंटर गप्प बसला. मला मात्र ते वाक्य लागलं. म्हणून ही पोस्ट. जरा लांब आहे, पण वाचा.

जपानीत या पडद्याला 'ब्योबू' म्हणतात. अर्थ साधा, वाऱ्याला आडोसा. फळ्या कागदी बिजागऱ्यांनी जोडलेल्या, त्यामुळे चित्र एका फळीवरून दुसऱ्या फळीवर सलग जातं. पोर्तुगीज जपानला पोचले आणि हा शब्द त्यांनी उचलला. आजही पोर्तुगीजमध्ये अशा पडद्याला 'बियोंबो' म्हणतात. हेच पोर्तुगीज १५२१ पासून १७४० पर्यंत आपल्या रेवदंड्यात होते. म्हणजे हा पडदा आपल्याला वाटतो तितका परका नाही.

आणि नक्कल तर इथे अजिबात नवी नाही. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंच प्रवासी पिरार द लावाल याने चौलबद्दल लिहून ठेवलंय, की इथले कारागीर चिनी धर्तीच्या पेट्या आणि कपाटं करतात, रंगीत लाखकाम केलेले पलंग करतात. परदेशी माल बघून आपल्या हाताने तसा घडवणारी माणसं चौलात होती. त्यांना कोणी डुप्लिकेटवाले म्हटलं असेल असं वाटत नाही. पण त्यांच्यापैकी एकाचंही नाव आज आपण सांगू शकत नाही.

आता खरी गोष्ट सांगतो. १९१६ साली रवींद्रनाथ टागोर जपानला गेले. योकोहामाला हारा तोमितारो नावाच्या रेशीम व्यापाऱ्याकडे त्यांचा मुक्काम होता. तिथे त्यांनी शिमोमुरा कान्झान या चित्रकाराचा 'योरोबोशी' हा पडद्यांचा जोड पाहिला. फुललेल्या आलुबुखारच्या झाडाखाली उभा एक आंधळा भिकारी पोरगा, आणि मावळत्या सूर्याला जोडलेले त्याचे हात. टागोर भारावले. मूळ चित्र तर आणता येणार नाही. मग त्यांनी आराई काम्पो या चित्रकाराकडून त्याची हाताने नक्कल करून घेतली. छापील चित्रावर काम भागवलं नाही.

हेच काम्पो पुढे टागोरांच्या बोलावण्यावरून कोलकात्याला शिकवायला आले. १९१७-१८ च्या सुमारास ते आपल्या महाराष्ट्रात, अजिंठ्याला पोचले आणि लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या. त्या टोकियोला गेल्या आणि १९२३ च्या भूकंपात नष्ट झाल्या. अजिंठ्याच्या नकलांचं नशीबच तसलं. रॉबर्ट गिलने कित्येक वर्षं राबून केलेल्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. नंतर मुंबईच्या आर्ट स्कूलच्या ग्रिफिथ्सने विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा काम केलं, त्यातल्याही अनेक १८८५ मध्ये लंडनलाच जळाल्या.

मग एवढा खटाटोप फुकट गेला का? पुढचं ऐका.

जपानात नारा शहराजवळ होर्यूजी मंदिर आहे. तिथली बौद्ध भित्तिचित्रं बाराशे वर्षांहून जुनी, अजिंठ्याशी नेहमी तुलना होणारी. १९४० मध्ये सरकारने त्यांच्या नकला करायला घेतल्या आणि एका गटाची जबाबदारी काम्पोंवर आली. १९४५ मध्ये ते वारले, काम इतरांनी चालू ठेवलं. २६ जानेवारी १९४९ ला आग लागली आणि मूळ चित्रं होरपळली. रंग गेले. मात्र भिंतींचे आधीच काढलेले मोठे फोटो होते, चित्रकारांच्या नकला होत्या. त्यांच्या आधारावर १९६७-६८ मध्ये चित्रं पुन्हा रंगवली गेली. आज मंदिरात दिसतात ती हीच, 'डुप्लिकेट'.

त्या आगीनंतर जपानने १९५० मध्ये वारसा जपण्याचा कायदा केला. तिकडे दरवर्षी २६ जानेवारीला जुन्या मंदिरांत आग विझवण्याची प्रात्यक्षिकं होतात.

आपल्याकडे त्या दिवशी झेंडावंदन होतं, मुलांना खाऊ मिळतो. छानच आहे. पण मंडळी, रेवदंड्याच्या तटाचे चिरे वाड्यांमध्ये ढासळताहेत, सातखणीवर झाडं उगवलीत, गावोगावच्या जुन्या घरांचे कोरीव खांब आणि तुळया रिसॉर्टच्या बांधकामात निघून जाताहेत. यातलं किती कोणी कागदावर उतरवून ठेवलंय?

एक सुचवतो. येत्या २६ जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर प्रत्येक शाळेच्या चित्रकलेच्या सरांनी मुलांना घेऊन गावातली एक जुनी वस्तू निवडावी. दरवाजा, वीरगळ, देवळाचा खांब, काहीही. ती मोजून, बघून, हाताने उतरवावी. एक प्रत शाळेत, एक ग्रामपंचायतीत. दोन ठिकाणी, कारण एका ठिकाणी ठेवलेल्या नकलांचं काय होतं ते वर वाचलंतच. पाट्या रंगवणारे आपले पेंटर अजून आहेत, त्यांना मानधन देऊन शिकवायला बोलवा.

आणि नागावच्या त्या पेंटरला एवढंच सांगायचंय. दादा, पडद्याच्या मागच्या बाजूला कोपऱ्यात तुमचं नाव आणि साल टाका. चौलवाल्यांचं राहून गेलं.