शालेय छळ आणि किशोरवयीन मन

यवतमाळ जिल्ह्यातील कळंब हे तालुक्याचे गाव तेथील चिंतामणी मंदिरामुळे महाराष्ट्रभर परिचित आहे. अशा गावी आसपासच्या खेड्यापाड्यांतून मुले शिकावयास येतात. कुणाच्या घरी वऱ्हाडी बोलली जाते, कुणाच्या घरी गोंडी वा कोलामी. उच्चार, वर्ण, जात, अंगकाठी, गरिबी, इतकेच काय, कर्जापायी वडिलांनी केलेली आत्महत्या, यांपैकी कशावरूनही मुलास हिणवले जाऊ शकते. म्हणून या विषयाची मूलभूत माहिती येथे देत आहोत.

छळ म्हणजे काय?

या विषयाचे आद्य अभ्यासक डॅन ओल्वेउस यांनी छळाची तीन लक्षणे सांगितली: हेतुपुरस्सरता, पुनरावृत्ती आणि बळाची विषमता. नॉर्वेत १९८२ साली तीन मुलांच्या आत्महत्यांनंतर १९८३ मध्ये देशव्यापी मोहीम उभी राहिली. मारहाण, टोपणनावे, वाळीत टाकणे आणि मोबाईलवरील बदनामी हे छळाचेच प्रकार होत. साताऱ्याच्या शाळेत बाल भीमरावांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे, हे महाराष्ट्राने विसरू नये. तेथे तर वेगळे बसविणारी रूढी शाळेनेच पाळली होती.

मनावरील परिणाम

युनेस्कोच्या २०१९ च्या अहवालानुसार जगातील सुमारे एक-तृतीयांश विद्यार्थ्यांनी आदल्या महिन्यात सोबत्यांकडून छळ सोसला होता. वारंवारची पोटदुखी वा डोकेदुखी, झोपमोड, शाळेची टाळाटाळ आणि अबोलपणा ही त्याची चिन्हे असू शकतात. पुढे नैराश्य, चिंताविकार व आत्मघाताचे विचार यांचा धोका वाढतो. छळणाऱ्या मुलालाही मदतीची गरज असते. जे स्वतः छळ सोसतात आणि इतरांनाही छळतात, त्यांची अवस्था बहुधा सर्वांत बिकट असते.

कायदा व साहाय्य

महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम १९९९ नुसार दोषी व्यक्तीस दोन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. लेखी तक्रार आल्यास संस्थाप्रमुखांनी सात दिवसांत चौकशी करावयाची असते. शिक्षण हक्क कायदा २००९ चे कलम १७ शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास मनाई करते. मुलांसाठी १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६ हे विनामूल्य दूरध्वनी क्रमांक आहेत.

आपले कर्तव्य

उत्पत्तीच्या पुस्तकात भावांनी योसेफास खड्ड्यात टाकले. रऊबेनास त्याला वाचवावयाचे होते, परंतु विक्रीच्या वेळी तो तेथे नव्हता. केवळ सदिच्छा पुरेशी नसते, हे यावरून उमगते. पालकांनी व धर्मशिक्षकांनी मुलाचे म्हणणे मध्येच न तोडता ऐकावे. "तूच काहीतरी केले असशील" असे म्हणू नये. घडलेल्या गोष्टी तारखेनिशी लिहून ठेवाव्यात, मुख्याध्यापकांना लेखी कळवावे आणि तक्रारीनंतरही मुलाची पाठराखण करावी. मूल मरणाची भाषा बोलू लागल्यास त्यास एकटे सोडू नये व त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे.