जनसुनावणीत बोलून काय होतं? डहाणूचा इतिहास बघा

मंडळी, वाढवण बंदराची बातमी टाकली की एक प्रश्न हमखास येतो, "सुनावणीत बोलून काय होतं हो?" उत्तर आपल्याच तालुक्यात आहे.

१९८९ मध्ये डहाणूच्या ५०० मेगावॅटच्या औष्णिक वीज प्रकल्पाला मंजुरी मिळाली. तेव्हा जनसुनावणी नव्हतीच, ती सक्तीची झाली १९९७ मध्ये. इथली माणसं थेट कोर्टात गेली. १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टातही प्रकल्प काही थांबला नाही. पण मंजुरीत एक अट होती, कोळशाच्या धुरातला गंधकाचा वायू काढून टाकणारी यंत्रणा बसवायची. चिकूच्या वाड्यांना भीती होती ती याच वायूची. ही अट सहजासहजी सोडता येणार नाही, एवढं कोर्टाने बजावलं.

१९९५ मध्ये वीज सुरू झाली, यंत्रणेचा पत्ता नाही. पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आलं. लोक तिथे जात राहिले. १९९८ मध्ये प्राधिकरणाने वाढवण बंदर नाकारलं. १९९९ मध्ये यंत्रणा बसवण्याचा आदेश दिला. चालढकल झाली, तेव्हा २००५ मध्ये कंपनीकडून ३०० कोटींची बँक गॅरंटी मागितली. २००७ मध्ये यंत्रणा चालू झाली.

म्हणजे केस हरलेल्या लोकांनी कागदावरची एक अट सोळा वर्षं धरून ठेवली, आणि ती खरी करून घेतली.

आता वाढवण. धर्माधिकारी २०१९ मध्ये गेले. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने बंदराला हिरवा कंदील दिला. जानेवारी २०२४ मध्ये जनसुनावणी, फेब्रुवारीत पर्यावरण मंजुरी, ऑगस्टमध्ये भूमिपूजन. खर्च ७६,२०० कोटी. विरोध करणाऱ्या मच्छीमारांना वाटतं, आता सगळं संपलं.

माझं मत वेगळं आहे. मंजुरी अटींसकट मिळते. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे या अटी पाळल्या का, याचा अहवाल प्रकल्पवाल्यांना दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. तो गुप्त नसतो, कुणालाही मागता येतो. बंदर हवं असणाऱ्यांनाही तो वाचायला हरकत नसावी.

ग्रामपंचायतीतून लेखी मागा, पोच घ्या, ग्रामसभेत वाचा. सुनावणी एका दिवसात उरकते, पण अटींवर पहारा वर्षानुवर्षं ठेवावा लागतो. डहाणूने तो एकदा ठेवून दाखवलाय.