सॉकेट उघडणे : एका क्रियापदाचा इतिहास

पीएचपी या संगणकभाषेत 'एफसॉकओपन' नावाचे एक फंक्शन आहे. संकेतस्थळ ज्या यंत्रावर ठेवलेले असते त्या यंत्राला, म्हणजे सर्व्हरला, दुसऱ्या एखाद्या यंत्राशी स्वतःहून बोलायचे असेल तर हे फंक्शन वापरतात. नाव उच्चारायला ओबडधोबड आहे. परंतु एखाद्या सामासिक शब्दाचा विग्रह करावा तसा त्याचा विग्रह केला तर तीन निरनिराळ्या काळांतले तीन तुकडे हाती लागतात. 'एफ' म्हणजे फाईल, 'सॉक' म्हणजे सॉकेट आणि 'ओपन' म्हणजे उघड. प्रश्न असा की, संभाषण 'उघडायचे' कशासाठी? मराठीत आपण संभाषण सुरू करतो, विषय काढतो, तोंडही उघडतो. पण संभाषण उघडत नाही. इंग्रजीतही दोन माणसांच्या बोलण्याची फाईल होत नाही. मग ही फाईल आली कुठून?

आम्ही मराठीचे अध्यापक आहोत, संगणकशास्त्राचे नव्हे. तरीही हा प्रश्न आम्हाला आमच्या कक्षेतला वाटतो, कारण तो मुळात शब्दांचा प्रश्न आहे आणि त्याच्या शेवटाशी आपल्या देवनागरी अक्षरांचे काही बरेवाईट व्हायचे असते.

'सॉकेट' या शब्दापासून सुरुवात करू. जुन्या फ्रेंचमध्ये 'सॉक' म्हणजे नांगराचा फाळ. त्याचे लघुरूप मध्ययुगीन इंग्रजीत आले ते फाळाच्या आकाराच्या भाल्याच्या टोकाला उद्देशून. पुढे अर्थ सरकला आणि टोकाऐवजी, ज्यात काहीतरी बसवायचे अशा पोकळीला हा शब्द लागू झाला. जे घुसते त्याचे नाव, ज्यात घुसवायचे त्याला मिळाले! डोळ्याची खोबण आणि विजेच्या बटणफळीवरची खाच या दोन्ही अर्थांनी तो आज वापरला जातो. अमेरिकेतील आर्पानेट या जाळ्याची बोलण्याची रीत ठरवली जात असताना, १९७० साली, स्टीव्ह कार, स्टीव्ह क्रॉकर आणि व्हिंट सर्फ यांनी हा शब्द जोडणीच्या टोकासाठी घेतला. सॉकेट म्हणजे जोडणीचे एक टोक आणि दोन सॉकेटांची जोडी मिळून एक पूर्ण जोडणी, अशी त्यांची कल्पना होती. रूपक विजेच्या खाचेचे असावे असे वाटते, पण ते पुरते जुळत नाही. विजेच्या खाचेला पिन लागते; इथे दोन्हीकडे खाचाच आहेत.

त्या पहिल्या काळातली जोडणी एकमार्गी होती. 'क्ष'ने 'य'ला सांगायचे तर एक जोडणी आणि 'य'ने उत्तर द्यायचे तर दुसरी. ऐकणाऱ्या सॉकेटाला सम क्रमांक, बोलणाऱ्याला विषम. १ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेटने जुनी रीत टाकून टीसीपी-आयपी ही नवी रीत स्वीकारली आणि एकाच जोडणीतून दोन्ही बाजूंनी बोलता येऊ लागले. सम-विषमाचे कारण संपले, क्रमांक मात्र राहिले. फाईल पाठवण्याच्या एफटीपी सेवेचे दार आजही २१ आणि टेलनेटचे २३ आहे. पुढे जन्मलेल्या वेबने ८० हा सम क्रमांक बिनदिक्कत घेतला, कारण तिला हा जुना संकेत पाळण्याचे कारणच नव्हते. प्रत्यय झडून गेला तरी त्याची खूण शब्दाच्या अंगावर राहते, हे भाषेच्या इतिहासात आपण विद्यार्थ्यांना शिकवतोच. त्याच जातीचा हा अवशेष आहे.

आता फाईलीकडे येऊ. ऑगस्ट १९८३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील चमूने युनिक्स या प्रणालीची ४.२ बीएसडी ही आवृत्ती काढली. बिल जॉय आणि त्यांचे सहकारी यांचे हे काम. पैसा अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या संशोधनसंस्थेचा. युनिक्सच्या घडणीत एक आग्रह होता : होता होईल तो प्रत्येक वस्तूला फाईलसारखे वागवावे. कागदपत्र फाईल, छपाईयंत्रही फाईलसारखे, पडदाही फाईलसारखा. बर्कलीकरांनी दूरच्या यंत्राशी होणारे संभाषणही याच साच्यात बसवले. सॉकेट तयार केले की हातात एक क्रमांक पडतो, आणि तो फाईलीच्या क्रमांकासारखाच असतो. त्यावर लिहिले की ते पलीकडे पोहोचते, त्यातून वाचले की पलीकडचे ऐकू येते. संभाषणाला लेखन-वाचनाचे रूप देण्याचा हा निर्णय आम्हाला विलक्षण वाटतो. बोलणे-ऐकणे ही क्रियापदे उपलब्ध असताना त्यांनी मुख्य व्यवहारासाठी लिहिणे-वाचणे निवडले. पूर्वतयारीसाठी मात्र मौखिक व्यवहाराचे शब्द आले. सेवा देणाऱ्या यंत्राने आधी 'ऐकत' बसायचे, मग आलेल्याला 'स्वीकारायचे'. जोडणी जुळताना दोन यंत्रे जे तीन निरोप देतात-घेतात त्याला तर 'हस्तांदोलन' म्हणतात.

या सोयीला किंमत होतीच. सी भाषेत सॉकेट उघडायचे म्हणजे आधी ते घडवा, मग यजमान यंत्राच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता शोधा, तो ठरलेल्या आकारात बांधा आणि मग जोडा. १९८७ साली लॅरी वॉल यांनी पर्ल ही भाषा केली. वॉल हे भाषाविज्ञानाचे विद्यार्थी. लिपी नसलेल्या एखाद्या भाषेला लिपी द्यावी या हेतूने त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने अभ्यास केला होता. पण त्यांच्या भाषेतही सुरुवातीला पत्त्याचे बाइट हातानेच बांधावे लागत.

१९९५ साली रास्मुस लेरडॉर्फ यांनी 'पर्सनल होम पेज टूल्स' या नावाने आपली अवजारे जाहीर केली. पुढे इस्राएलमधील अँडी गुटमन्स आणि झीव्ह सुरास्की यांनी तिचा गाभा नव्याने लिहिला आणि जून १९९८ मध्ये पीएचपी ३ आली. हिचा वापरकर्ता प्रणालीतज्ज्ञ नव्हता. त्याला आपले पान सजवायचे होते आणि जमल्यास दुसऱ्याच्या पानावरचा मजकूर आणायचा होता. म्हणून वरचे सगळे सोपस्कार एका फंक्शनात कोंबले गेले. 'एफसॉकओपन'ला यजमानाचे नाव सांगा, दाराचा क्रमांक सांगा. बदल्यात सी भाषेतल्या 'एफओपन'प्रमाणे फाईलीसारखी एक वस्तू मिळते. मग फाईलीवर चालणारी नेहमीची फंक्शने वापरून लिहा, वाचा, संपले की बंद करा. नावातला 'एफ' तो हा.

अपयश कळवण्याची तिची पद्धतही लक्षात घेण्याजोगी आहे. फंक्शनला दोन रिकाम्या जागा द्यायच्या असतात : जोडणी झाली नाही तर एकीत चुकीचा क्रमांक भरला जातो, दुसरीत चुकीचे वर्णन. जोडणी फसली आणि क्रमांक मात्र शून्य, असेही घडते. त्याचा अर्थ, जोडण्याचा प्रयत्न सुरू होण्याआधीच काहीतरी बिघडले. किती वेळ वाट पाहायची तेही सांगता येते. न सांगितल्यास साधारणपणे ६० सेकंद. पण ही मुदत दार उघडेपर्यंतची. दार उघडल्यावर पलीकडचा गप्प बसला तर काय, याची तरतूद वेगळी करावी लागते.

इथे एक विरोधाभास आहे. ही सर्व्हरवर चालणारी भाषा; पण 'एफसॉकओपन' वापरताच सर्व्हर स्वतः दुसऱ्याच्या दारातला याचक होतो. आपले दार मांडून ऐकत बसायचे काम या फंक्शनला येतच नाही. त्यासाठी बर्कलीच्या पद्धतीची मूळ फंक्शने जशीच्या तशी देणारा वेगळा विस्तार पीएचपी ४ मध्ये आला आणि जुलै २००४ च्या पीएचपी ५ मध्ये सुटसुटीत पर्यायही आला. दरम्यान पीएचपी ४.३ पासून 'एफसॉकओपन'ला नावाआधी खूण जोडून सांकेतिक, सुरक्षित जोडणी मागता येऊ लागली. याचक होण्याची ही सोय दुसऱ्या बाजूने धोक्याचीही ठरली. पत्ता वापरकर्त्याकडून घेऊन तो न तपासता उघडला, तर बाहेरचा माणूस सर्व्हरला त्याच्याच वाड्यातल्या आतल्या दारांवर थापा मारायला लावू शकतो. एकाच यंत्रावर अनेकांची संकेतस्थळे ठेवणाऱ्या कित्येक कंपन्यांनी हे फंक्शन बंदच करून टाकले होते, ते काही उगाच नव्हे.

दार उघडल्यावर बोलायचे काय? वेबच्या दाराशी आधी मायना लिहायचा : काय हवे, कोणत्या यजमानाकडून हवे, शेवटी जोडणी मिटवायची की नाही. मग एक कोरी ओळ. ती कोरी ओळ विसरली तर पलीकडचा, मायना अजून संपला नाही असे समजून, वाट पाहत राहतो. टपालाच्या दाराची रीत जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहून ठेवली. तिथल्या सगळ्या आज्ञा चार अक्षरांच्या, म्हणून अभिवादनातही इंग्रजी 'हेल्लो'मधला एक 'एल' गाळला गेला. यंत्रांची ही शिष्टाचाराची भाषा इंग्रजी आहे एवढ्यावर आम्ही तक्रार करणार नाही. कोणती तरी असणारच. खरी अडचण मायन्यात नसून मजकुरात आहे.

टीसीपीतून वाहतो तो अखंड प्रवाह. त्यात शब्द नाहीत, अक्षरे नाहीत. फक्त बाइट आहेत. आपल्या जुन्या पोथ्या शब्दाशब्दांत अंतर न सोडता सलग लिहिल्या जात आणि पदच्छेद वाचणाऱ्याने करायचा असे. इथेही छेद वाचणाऱ्यानेच करायचा, तोही अक्षराच्या पोटात. युनिकोडच्या यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. 'मराठी' हा शब्द पाहा. उच्चाराने अक्षरे ३; काना आणि वेलांटी वेगळ्या मोजल्या तर चिन्हे ५; बाइट १५. आणि फक्त सात बिटांचीच हमी देणाऱ्या जुन्या टपालरीतीतून पाठवण्यासाठी बेस-६४ पद्धतीने बांधला तर रोमन अक्षरे २०. प्रवाहातून ८१९२ बाइटांचा तुकडा उचलला आणि मजकूर निव्वळ देवनागरी असला तर २७३० चिन्हे पूर्ण येतात आणि २७३१ वे दोन बाइटांवर तुटते, कारण ८१९२ ला ३ ने भाग जात नाही. तुकडे जोडून मग वाचले तर काही बिघडत नाही. प्रत्येक तुकडा वेगळा छापला किंवा तपासला तर अक्षर फुटते.

याहून नेमका घाव मायन्यातल्या लांबीच्या ओळीत बसतो. मजकूर पाठवताना तो किती लांब आहे हे आधी सांगावे लागते, आणि ही लांबी बाइटांत सांगायची असते. पीएचपीचे 'स्ट्रलेन' हे मोजणारे फंक्शन बाइटच मोजते, म्हणजे १५ सांगते. आता एखाद्याने भाषेविषयीच्या आस्थेने त्याऐवजी चिन्हे मोजणारे फंक्शन वापरले, तर लांबी ५ सांगितली जाते. पलीकडचा इमानाने ५ बाइट घेतो : पूर्ण 'म' आणि 'र'चे दोन तृतीयांश. 'मराठी'चा 'म' उरतो आणि पुढे एक फुटके चिन्ह. पीएचपीत अशी एक मांडणीही होती की ती चालू करताच 'स्ट्रलेन' हेच नाव मुकाट्याने चिन्हे मोजू लागे. मग वर्षानुवर्षे नीट चाललेली सॉकेटवरची जुनी कामे अचानक अपुरा मजकूर पाठवू लागत. ती मांडणी २०२० च्या पीएचपी ८ मध्ये काढून टाकण्यात आली.

गंमत अशी की, युनिकोडपूर्वीच्या 'शिवाजी'सारख्या फाँटांत ही अडचण नव्हती. तिथे पडद्यावरचा प्रत्येक आकार एकाच बाइटाचा होता. सॉकेटच्या दृष्टीने तो मजकूर रोमनच होता. देवनागरी होती ती केवळ पाहणाऱ्याच्या डोळ्यापुरती. ज्याच्याकडे तो फाँट नाही त्याला निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसे. लांबी अचूक, अर्थ शून्य. मराठीला मराठी म्हणून पाठवता येऊ लागले तेव्हाच मोजण्याचा प्रश्न उभा राहिला.

तो मुळातून सोडवण्याचा एक मोठा प्रयत्न झाला. पीएचपी ६ या नियोजित आवृत्तीत भाषेला आतून-बाहेरून युनिकोड करायचे ठरले होते. काम रेंगाळले, यंत्राचा वेग आणि स्मृती यांवर पडणारा भार नकोसा झाला आणि २०१० साली तो बेत सोडण्यात आला; डिसेंबर २०१५ मध्ये ६ हा अंक वगळून थेट ७ आली. यामुळे पीएचपीची शब्दमाला आजही बाइटांचीच माळ आहे. दरम्यान २००९ च्या पीएचपी ५.३ बरोबर उच्चारातली अक्षरे मोजणारे वेगळे फंक्शन मिळू लागले. ते 'मराठी'ची अक्षरे ३ सांगते. एकाच शब्दाची तीन फंक्शने तीन उत्तरे देतात आणि तिन्ही बरोबर आहेत. त्यांपैकी सॉकेटला फक्त १५ समजते.