इंटरफेरॉन

एका विषाणूने गाठलेल्या पेशीत दुसऱ्याचं बऱ्याचदा फावत नाही. या प्रकाराला इंग्रजीत ‘इंटरफिअरन्स’ म्हणत. १९५७ साली लंडनच्या मिल हिलमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमन या शास्त्रज्ञांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पटलाचे तुकडे तापवून निकामी केलेल्या फ्लूच्या विषाणूसोबत ठेवले. त्या तुकड्यांतून उतरलेल्या द्रवाने कोरे तुकडेही विषाणूपासून वाचवले! द्रव्याचं बारसं झालं : इंटरफेरॉन. त्यामागच्या ‘इंटरफिअर’ या शब्दाचं मूळ जुन्या फ्रेंचमध्ये, अर्थ एकमेकांना टोला देणं. चालताना पायावर पाय आपटणाऱ्या घोड्यासाठीही इंग्रजीत तो वापरत. ‘लुडबुड’ ही अर्थछटा नंतरची, आणि माझ्या मते इथे टोलाच चपखल.

हा टोलाच निष्फळ ठरला तर? २०२० मध्ये अत्यवस्थ कोविडच्या ९८७ रुग्णांपैकी १०१ जणांच्या रक्तात इंटरफेरॉनलाच निष्प्रभ करणारी प्रतिपिंडं सापडली. त्यांतले ९५ पुरुष होते.