मैदानं बंद केली, तरी पोरी खेळतच राहिल्या : इंग्लंडच्या 'डिक-कर लेडीज' फुटबॉल संघाचा इतिहास

महिलांचा फुटबॉल सामना बघायला ५३ हजार माणसं. ही गोष्ट आजकालची नाही, १९२० सालची आहे. हा सामना जिंकणाऱ्या पोरी कारखान्यात काम करणाऱ्या साध्या कामगार होत्या. पण एवढी गर्दी जमल्यावर वर्षभराच्या आत त्यांना मोठी मैदानं बंद झाली. असं का झालं आणि पुढे या संघाचं काय झालं, त्याची ही माहिती.

संघ कसा तयार झाला?

इंग्लंडच्या उत्तर-पश्चिम भागात लँकेशायर नावाचा परगणा आहे. तिथल्या प्रेस्टन शहरात 'डिक, कर अँड कंपनी' हा ट्राम आणि रेल्वेचं सामान बनवणारा कारखाना होता. १९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं. पुरुष लढाईवर गेले आणि कारखान्यात दारूगोळा बनू लागला. ते काम बायकांच्या हाती आलं.

जेवणाच्या सुट्टीत या पोरी आवारात फुटबॉल खेळायच्या. १९१७ मध्ये कारखान्यातल्या पुरुषांचा संघ सारखा हरत होता, तेव्हा पोरींनी त्यांची चेष्टा केली. चेष्टेतून पैज लागली आणि पैजेतून सामना झाला. कारखान्याच्या ऑफिसात काम करणारे आल्फ्रेड फ्रँकलंड यांनी तो खेळ पाहिला आणि संघ बांधायचं मनावर घेतलं. पुढे कित्येक वर्षं तेच संघाचे व्यवस्थापक राहिले.

पहिला मोठा सामना

२५ डिसेंबर १९१७, नाताळचा दिवस. प्रेस्टनच्या डीपडेल मैदानावर दुसऱ्या एका कारखान्यातल्या महिलांच्या संघाशी सामना ठरला. १० हजार लोक आले. डिक-कर लेडीज ४-० ने जिंकल्या. जमलेला पैसा जखमी सैनिकांच्या दवाखान्याला गेला.

इथून पुढे हीच रीत पडली. सामना भरवायचा, तिकिटाचे पैसे जमवायचे आणि गरजूंना द्यायचे. खेळाडूंना पगार नव्हता. प्रवास आणि बुडालेली रोजंदारी भरून निघावी म्हणून सामन्यामागे १० शिलिंग मिळायचे. आठवडाभर कारखान्यात राबायचं आणि सुट्टीच्या दिवशी मैदानात उतरायचं, असा त्यांचा दिनक्रम होता.

१९२० : संघाचं सोन्याचं वर्ष

युद्ध संपलं तरी संघ थांबला नाही. १९२० मध्ये फ्रान्सच्या महिलांचा संघ इंग्लंडला आला. डीपडेलवर झालेल्या पहिल्या सामन्याला २५ हजार प्रेक्षक होते आणि डिक-कर लेडीज २-० ने जिंकल्या. नंतर त्या स्वतः फ्रान्सला जाऊन खेळून आल्या.

त्याच वर्षी डिसेंबरात डीपडेलवर रात्रीचा सामना झाला. मैदानावर दिवे नव्हते. मग शत्रूची विमानं शोधायला वापरतात ते सैन्याचे मोठे झोत-दिवे आणले. त्यासाठी युद्धमंत्री विन्स्टन चर्चिल यांची परवानगी घ्यावी लागली. अंधारात चेंडू दिसावा म्हणून त्याला पांढरा रंग फासला होता. तरी १२ हजार लोक आले.

आणि मग २६ डिसेंबर १९२०. लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर सेंट हेलेन्स लेडीजशी सामना. आत ५३ हजार माणसं आणि जागा नाही म्हणून हजारो माणसं बाहेरच. संघाची मुख्य गोल करणारी फ्लोरी रेडफर्ड हिची गाडी चुकली. त्यामुळे मागे खेळणारी कर्णधार अ‍ॅलिस केल दुसऱ्या डावात पुढे आली आणि तिने तीन गोल ठोकले. निकाल ४-०. एका दिवसात ३ हजार पौंडांहून जास्त रक्कम जमली. त्या काळी ही रक्कम फार मोठी होती.

लिली पार : १४ व्या वर्षी संघात

सेंट हेलेन्स गावची लिली पार १९०५ साली जन्मली. १९२० मध्ये, वयाच्या १४ व्या वर्षी ती डिक-कर संघात आली. उंच बांधा आणि डाव्या पायाची जबर किक ही तिची ओळख. १९५१ पर्यंत, म्हणजे तब्बल ३१ वर्षं ती खेळली. तिच्या नावावर जवळपास एक हजार गोल सांगितले जातात. पोटासाठी तिने प्रेस्टनजवळच्या व्हिटिंगहॅम इथल्या मनोरुग्णालयात नर्स म्हणून नोकरी केली.

५ डिसेंबर १९२१ : बंदी

१९२१ पर्यंत इंग्लंडमध्ये महिलांचे सुमारे १५० संघ झाले होते. त्याच वर्षी खाणकामगारांचा मोठा संप-टाळेबंदीचा काळ होता आणि महिलांच्या सामन्यांतून उपाशी खाणकामगारांच्या घरांसाठीही पैसा जमत होता.

५ डिसेंबर १९२१ रोजी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने (एफए) ठराव केला. फुटबॉल हा खेळ बायकांना योग्य नाही, त्याला उत्तेजन देऊ नये आणि संघटनेतल्या क्लबांनी आपली मैदानं महिलांच्या सामन्यांना देऊ नयेत, असा तो ठराव. जमलेल्या पैशातला जास्त भाग खर्चातच जातो, असाही ठपका ठेवला.

एक गोष्ट लक्षात घ्यावी. खेळावर कायद्याने बंदी नव्हती. बंदी होती ती मैदानावर. पण चांगली मैदानं सगळी या क्लबांकडेच होती. मैदान नाही म्हणजे गर्दी नाही, गर्दी नाही म्हणजे तिकीट नाही आणि तिकीट नाही म्हणजे प्रवासाचाही खर्च निघेना. बरेच संघ हळूहळू बंद पडले.

बंदीनंतरची ४४ वर्षं

डिक-कर लेडीज मात्र थांबल्या नाहीत. १९२२ मध्ये त्या बोटीने अमेरिका खंडात गेल्या. कॅनडात खेळू दिलं नाही. अमेरिकेत समोर पुरुषांचे संघ उभे केले. त्यांच्याशी ९ सामने झाले : ३ जिंकले, ३ बरोबरीत सुटले, ३ हरले.

कारखाना तोवर इंग्लिश इलेक्ट्रिक या कंपनीत सामील झाला होता. याच कंपनीची विजेची इंजिनं पुढे आपल्या मध्य रेल्वेवरही धावली. १९२६ मध्ये संघ कारखान्यापासून वेगळा झाला आणि त्याचं नाव 'प्रेस्टन लेडीज' पडलं. लोक मात्र जुन्याच नावाने ओळखत. बागेत, मोकळ्या रानात, जिथे जागा मिळेल तिथे सामने व्हायचे. एकूण आठशेच्या वर सामने हा संघ खेळला आणि त्यातले बहुतेक जिंकला.

शेवटी नव्या मुली मिळेनात. १९६५ मध्ये संघ बंद झाला. एफएने बंदी उठवली ती १९७०-७१ मध्ये, म्हणजे अवघी पाच-सहा वर्षं उशिरा.

उशिराचा मान

लिली पार १९७८ साली वारली. २००२ मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयाच्या मानाच्या यादीत तिचं नाव आलं. असा मान मिळालेली ती पहिली महिला. २००८ मध्ये एफएने १९२१ च्या बंदीबद्दल माफी मागितली. २०१९ मध्ये लिलीचा पुतळा उभा राहिला. आणि २०२२ च्या युरो स्पर्धेत लंडनच्या वेम्बली मैदानावर महिलांचा अंतिम सामना बघायला ८७ हजारांवर प्रेक्षक आले. इंग्लंडच्या मुलींनी जर्मनीला २-१ ने हरवलं.

बायकांचा फुटबॉल बघायला लोक येत नाहीत, असं नंतर कैक वर्षं म्हटलं गेलं. लोक तर १९२० मध्येच आले होते. नव्हतं ते मैदान. गावात मुलींचा संघ उभा राहतो तेव्हाही आधी विचारायचा प्रश्न हाच असतो : खेळायला जागा कुठे देणार?

थोडक्यात

• १९१७ : प्रेस्टनच्या कारखान्यात संघ तयार
• १९२० : गुडिसन पार्कवर ५३ हजार प्रेक्षक
• १९२१ : एफएची मैदानबंदी
• १९२२ : अमेरिका दौरा
• १९२६ : नाव 'प्रेस्टन लेडीज'
• १९६५ : संघ बंद
• १९७०-७१ : बंदी उठली
• २००८ : एफएची माफी